सगळ्या गोळ्या एका पिशवीत, पिशवी एका टेबलावर

प्रश्न : माझे सासरे, वय ६४. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतो. १८ वर्षांपासून मधुमेह, १० वर्षांपासून बीपी. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन २.१ आणि पोटॅशियम ५.३ आलं. किडनीचे डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर ही गर्दी आणि आत जेमतेम पाच मिनिटं. त्यांनीच हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल फार्मसिस्टकडे औषधं समजून घ्यायला वेळ ठरवून दिली आहे. अण्णा म्हणतात, "मेडिकलवाला मला काय शिकवणार? त्यापेक्षा सारसबागेत दोन चकरा मारीन." तीन डॉक्टरांच्या मिळून दहा प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, यादी सोबत पाठवते. शिवाय गावाकडून आलेलं 'किडनी साफ करणारं' चूर्ण आणि रोज एक शहाळं. दुपारी फार पेंगतात. दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात, यंदाही जाणारच म्हणतात. फार्मसिस्टकडे जाऊन खरंच काही उपयोग होतो का? जायचं तर काय न्यायचं, काय विचारायचं?
— एक सून, धनकवडी

उत्तर : ताई, जा. आणि अण्णांना घेऊनच जा, नुसती फाइल घेऊन नको. तुमची यादी वाचल्यावर तर हे आणखी ठामपणे सांगतो. यादीत चार गोष्टी अशा आहेत, ज्या तिन्ही डॉक्टरांपैकी कोणाचीच चूक म्हणता येणार नाही, कारण तिघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिलेल्याच नाहीत. मधुमेहाचे डॉक्टर शुगर बघतात, किडनीचे डॉक्टर क्रिएटिनिन, गुडघ्याचे डॉक्टर गुडघा. तिघांच्या चिठ्ठ्या आणि अण्णांनी परस्पर सुरू केलेल्या गोष्टी एका टेबलावर मांडून, एकेक पट्टी उचलून बघायला ज्याला अर्धा तास दिलेला असतो, तो हा फार्मसिस्ट.

अण्णांच्या शंकेचंही उत्तर देऊन टाकू. काउंटरवर पट्टी कापून देणारा पोऱ्या आणि नोंदणीकृत फार्मसिस्ट ही दोन वेगळी माणसं असू शकतात. फार्मसिस्टची किमान पदविका दोन वर्षांची असते; हॉस्पिटलमध्ये रुग्णांची औषधं तपासणारे अनेकदा सहा वर्षांचा फार्म.डी. केलेले असतात. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मसिस्टच्या कामातच धरलेलं आहे, ती काही त्याची मेहेरबानी नाही. मात्र त्याची एक हद्दही आहे : डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो डोस बदलणार नाही, गोळी बंद करणार नाही. तो चूक दाखवेल आणि डॉक्टरांना फोन करेल किंवा चिठ्ठी लिहून देईल.

आता तुमच्या यादीकडे येऊ. त्याआधी एक आकडा. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी थकली की तो साठतो. क्रिएटिनिन २.१ म्हटलं की घरात "नॉर्मल १.३ असतं, म्हणजे थोडंसंच वाढलंय" असं बोललं जातं. तसं नाही. वय ६४, पुरुष आणि क्रिएटिनिन २.१ यांवरून काढलेला ई-जीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, साधारण ३४-३५ येतो. तरुण, निरोगी माणसाचा ९०च्या वर असतो. म्हणजे अण्णांची किडनी एक तृतीयांशाच्या आसपास काम करते आहे, म्हणजे किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याचा 'ब' भाग, ई-जीएफआर ३० ते ४४. औषधांचे डोस क्रिएटिनिनवर नाही, या आकड्यावर ठरतात. रिपोर्टवर छापलेला नसेल तर फार्मसिस्टकडून काढून घ्या आणि अण्णांच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा. लघवीतल्या अल्ब्युमिनचा (एका प्रथिनाचा) रिपोर्ट तुमच्या यादीत दिसत नाही. तो झालाय का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. किडनी पुढे किती वेगाने उतरेल याचा अंदाज घ्यायला तोही लागतो.

पहिली गोष्ट, आणि ही भेटीपर्यंत थांबायची नाही. गुडघ्यासाठीची अॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटॅमॉलची जोडगोळी आजपासून बंद. तुम्ही लिहिलंय, "दुखेल तेव्हाच घेतात." पण अण्णांना टेल्मिसार्टन ही बीपीची आणि टॉर्सेमाइड ही लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे, आणि या तिघांची मोट बांधली की किडनीचं पाणीच तुटतं. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी दुसरी. आणणारी नळी उघडी ठेवण्याचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. अॅसिक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक त्यांनाच अडवतं, नळी आक्रसते. टेल्मिसार्टन नेणारी नळी सैल करतं, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. एरवी तो उतरणं हिताचं, म्हणूनच ते औषध दिलंय. पण टॉर्सेमाइडने शरीरातलं पाणीही कमी झालेलं असलं, त्यात उन्हाळा किंवा जुलाब आले, की गाळणीत ढकलायला दाबच उरत नाही. दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन २.१चं साडेतीन होऊ शकतं. वर आधीच वाढलेलं पोटॅशियमही आणखी चढतं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, नॅप्रॉक्सेन, सगळी याच घरातली. फसगत होते ती ब्रँडच्या नावांमुळे. नावापुढे 'पी' किंवा 'प्लस' असलं की लोकांना वाटतं साधं पॅरासिटॅमॉल आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. चष्मा लागला तर लावा. साधं एकटं पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम चालेल, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असतं, ते याच हिशोबात धरा. शिवाय त्यातलं नाक मोकळं करणारं औषध बीपी वाढवतं. चोळायच्या जेलमधूनही थोडं औषध रक्तात जातंच, तेव्हा ती दिवसातून चार-चारदा थापण्याआधी विचारा. आणि गंमत बघा, यादीतलं पित्ताचं पँटोप्राझोल बहुधा या वेदनाशामकामुळेच सुरू झालेलं असणार. मूळ गोळी गेली की तिच्या मागे आलेली ही दुसरी अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. वर्षानुवर्षं चालू ठेवण्याइतकी तीही निरुपद्रवी नाही, क्वचित ती स्वतःच किडनीला सूज आणते.

दुसरी, मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी दिवसातून दोनदा, प्रत्येकीत मेटफॉर्मिन १०००, म्हणजे दिवसाला २००० मिलिग्रॅम. ई-जीएफआर ४५च्या खाली गेल्यावर साधारण १०००वर आणतात आणि ३०च्या खाली बंद करतात, कारण ते जवळजवळ पूर्ण किडनीवाटेच बाहेर पडतं. साठलं तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. याच आठवड्यात मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून नवा ई-जीएफआर सांगा. स्वतः गोळी अर्धी करू नका : ही बहुधा हळूहळू विरघळणारी गोळी असते, तोडली की तो गुण जातो, आणि ग्लिमेपिराइडही अर्धं होतं.

इथेच दुपारच्या पेंगेकडे वळतो. त्याची दोन कारणं यादीतच बसलेली दिसतात. ग्लिमेपिराइडने साखर खाली येत असेल. किडनी उतरली की इन्सुलिन आणि साखरेची काही औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. पुष्कळ घरांत याच सुमाराला "आता अण्णांची शुगर छान कंट्रोलमध्ये आली" असं कौतुक होतं. ते कौतुक नसतं, किडनीने मागे सोडलेलं औषध असतं. पेंग आली की आधी ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा सपाट ४ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम. साखर ठीक निघाली तर संशय प्रीगॅबालिनवर. पायांच्या जळजळीसाठी ७५ मिलिग्रॅम दोनदा, हा डोस मर्यादेबाहेर नाही, पण अण्णांच्या किडनीत तो निरोगी माणसाच्या दुपटीसारखा वागतो. पेंग, तोल जाणं, रात्री बाथरूमला उठताना पडणं, हे सगळं त्यातून होतं. पेंग नेमकी केव्हा येते, गोळीनंतर किती तासांनी, हे चार दिवस वहीत लिहून न्या. फार्मसिस्टला या चार ओळी सोन्यासारख्या.

तिसरी, टेल्मिसार्टन दोनदा आलंय. मधुमेहाच्या डॉक्टरांचं नुसतं ४०, आणि किडनीच्या डॉक्टरांच्या गोळीत अॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या औषधाबरोबर पुन्हा ४०. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ८० मिलिग्रॅम हा दिलाच जात नाही असा डोस नव्हे, कदाचित मुद्दामही असेल. पण पोटॅशियम ५.३ असताना तो चुकून चालू नाही ना, हे विचारलंच पाहिजे. मनाने बंद मात्र करू नका. मोबाइलवर वाचून "या गोळीने क्रिएटिनिन वाढतं" म्हणत अनेकजण टेल्मिसार्टन सोडतात. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर महिनाभरात क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर डॉक्टर ते चालवून घेतात. अण्णांच्या हिशोबात २.१चं २.७पर्यंत. पुढे गेलं तर कारण शोधायचं. म्हणूनच २ ते ४ आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवणं हा या गोळीतला खरा धोका. डॅपाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीचंही असंच, सुरुवातीला आकडा थोडा बिघडल्यासारखा दिसतो, लांबच्या पल्ल्यात किडनी टिकते. या गोळीमुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर कायम भरपूर दिसणार, घाबरू नका, तेच तिचं काम आहे. लघवीच्या जागी खाज सुटली, लाली आली तर लाजून बसू नये, बुरशीचा संसर्ग असतो, औषधाने बरा होतो.

चौथी म्हणजे चूर्ण. त्यावर घटक, बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक छापलाय का? आयुर्वेदिक औषधालाही ते बंधनकारक आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोरा बांधून आलं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : नको. पारा असलेल्या काही पारंपरिक औषधांनी किडनीच्या गाळणीचा आजार होऊन लघवीतून प्रथिनं वाहायला लागल्याची उदाहरणं भारतातूनच नोंदली गेली आहेत. हे आयुर्वेदाविरुद्ध बोलणं नाही. शिकलेला वैद्यही न तपासलेली पुडी देणार नाही. चूर्ण पिशवीत नक्की घाला. लोक नेमकं हेच घरी ठेवून येतात, डॉक्टर रागावतील म्हणून, आणि मग गोळ्यांवर खापर फुटतं.

शहाळंही थांबवा. ५.३ पोटॅशियमला आणि टेल्मिसार्टनबरोबर ते किडनीचं औषध नव्हे, उलट भर आहे. 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर तेही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. सैंधवाचं कौतुक पुण्यात फार, पण ते शेवटी सोडियम क्लोराइडच. साधंच मीठ, दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बाकरवडी, मिसळीवरची शेव हे सगळं आलं. सकाळी एका वाटीत अण्णांच्या वाट्याचं मीठ काढून ठेवा, त्यातूनच त्यांची भाजी-आमटी. दोन दिवसांत कळेल ते कुठे जातंय. पोटॅशियमची तपासणी आठवडाभरात पुन्हा करा. नमुना लॅबमध्ये उशिरा पोचला की आकडा खोटा वाढतो, म्हणून घरी रक्त काढून नेणाऱ्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन द्या. ६च्या पुढे आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर टाकू नका.

सोडियम बायकार्बोनेटची गोळी "मीठ बंद सांगितलंय आणि यात सोडियम आहे" म्हणून अण्णा टाळतात, असं तुम्ही लिहिलंय. तर्क बिनचूक, निष्कर्ष चुकीचा. ती रक्तातलं वाढलेलं आम्ल उतरवायला दिली आहे. पायावर सूज किंवा बीपी वाढलं तर सांगा, पण गुपचूप टाळू नका. कोलेस्टेरॉलच्या अॅटोर्वास्टॅटिनचं काही अडत नाही, चालू द्या.

भेटीला नेताना : घरातल्या सगळ्या पट्ट्या, संपलेल्या आणि अर्धवट राहिलेल्याही; चूर्ण, बाम, डोळ्यांचे थेंब, ईसबगोल; तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या; वर्षभराचे रिपोर्ट तारखेने लावून; ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र. पट्ट्या कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच आधी कापला जातो आणि उरतात चार बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या. मेडिकलमध्ये सांगा, नाव असलेली बाजू शेवटपर्यंत राहू दे. जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घेत असाल तर उत्तम, मात्र गोळी रंगावरून नाही, मूळ औषधाच्या नावावरून ओळखायची सवय लावा. नाही तर टेल्मिसार्टनसारखी गंमत पुन्हा होईल.

बीपी आठवडाभर घरी मोजून न्या. सकाळी गोळ्यांआधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. गप्प म्हणजे टीव्हीवरच्या बातम्यांवर मतही द्यायचं नाही.

तिथून उठताना एक तक्ता हातात असला पाहिजे. ब्रँड, मूळ नाव, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कोणी लिहिलं, हे रकाने बहुतेकजण करून देतात. तुम्ही आणखी एक मागून घ्या : 'कधी थांबवायचं'. उलट्या-जुलाब लागले, खाणं-पिणं बंद झालं, तर टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तेवढ्यापुरती थांबवून, नीट खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करायची, हा सर्वसाधारण नियम. अण्णांसाठी तो तसाच लागू का, हे डॉक्टरांच्या सहीनिशी आत्ताच लिहून घ्या; रात्री दोन वाजता जुलाब लागल्यावर कोणी फोन उचलत नाही. तुमच्या यादीत अडचण अशी की टेल्मिसार्टन अॅम्लोडिपिनला चिकटलेलं आहे आणि मेटफॉर्मिन ग्लिमेपिराइडला. एक थांबवलं की दुसरंही थांबतं. ते चालेल का, हेही विचारा. पाणी २४ तास पोटात टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि अण्णांना हॉस्पिटलमध्ये न्या.

चांगला फार्मसिस्ट शेवटी "समजलं का?" असं विचारत नाही, कारण पुण्यात त्याला सगळे "हो" म्हणतात. तो म्हणतो, "आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कशासाठी आणि जुलाब झाले तर काय कराल?" त्याने नाही विचारलं तर तुम्हीच अण्णांना त्याच्यासमोर बोलतं करा. दुसरी भेट नव्या रिपोर्टनंतर, दोन-तीन आठवड्यांनी घ्या. एका बैठकीत दहा गोळ्या कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत. आणि पुढे कधीही, कुठल्याही दुकानात, दातांच्या डॉक्टरांकडे किंवा सीटी स्कॅनला गेल्यावर पहिलं वाक्य एकच : "माझा ई-जीएफआर पस्तीस आहे." ते ऐकून अँटिबायोटिकचा डोस बदलू शकतो, किंवा शिरेतून द्यायच्या रंगद्रव्याबद्दल डॉक्टर दोनदा विचार करतात.

राहिली वारी. सासवडचा टप्पा लांब, त्यात दिवे घाट. नवे रिपोर्ट आणि बीपी पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच. जायचं ठरलं तर त्या दिवसाचं टॉर्सेमाइड घ्यायचं का, हे आधी विचारून ठेवा. खिशात ई-जीएफआरची चिठ्ठी, पॅरासिटॅमॉलची स्वतःची पट्टी आणि साखर. वाटेत मोफत औषधांचे तंबू असतात आणि गुडघा धरून आलेल्या वारकऱ्याच्या हातावर प्रेमाने ठेवली जाते ती बहुधा अॅसिक्लोफेनॅकच्या घरातली वेदनाशामक गोळीच. अण्णांनी हात जोडून ती परत द्यावी. ओआरएसही सरबतासारखं पीत चालायचं नाही. एका लिटरच्या पुडीत दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. जुलाब झाले तर ते हवंच, नुसत्या तहानेला साधं पाणी.

आणि आषाढीचा उपास अण्णांनी धरायचाच असेल तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते डॉक्टरांना दोन दिवस आधी विचारा. पोटॅशियम उतरेपर्यंत बटाट्याचा कीस, रताळं, केळं आणि दाण्याची वाटीभर आमटी नको. वरईचा भात, वर चमचाभर तूप आणि थोडं ताक. बटाट्यावाचून जमतच नसेल तर सोलून, पातळ काप करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्या, आणि मग चार कापांवर भागवा.